भावांची वाटणी आणि आमचं हक्कसोड

९ जून २०२४. रविवारची संध्याकाळ. आमची महिन्याची बैठक संपली होती, पण सात-आठ जणी ऑफिसातच रेंगाळलो. दिल्लीत नव्या आघाडी सरकारचा शपथविधी होता आणि टीव्ही चालू होता. मी सवयीप्रमाणे वही उघडली आणि एकेक बाई शपथ घ्यायला उठली की एक रेघ मारू लागले. कार्यक्रम बराच वेळ चालला. शेवटी वहीत सात रेघा होत्या. पंतप्रधानांसह बहात्तर जणांचं मंत्रिमंडळ आणि त्यात बायका सात. आमच्यातली एक अंगणवाडी सेविका, करवीर तालुक्यातली, चहाचे कप गोळा करता करता म्हणाली, "एवढ्या गड्यांत सात? आमच्या पंचायतीत अकरात सहा हाईत की!"

सगळ्या हसलो. पण घरी जाताना ते हसू माझ्या घशात अडकलं. कारण मला एकदम १९८६ साल आठवलं.

त्या वर्षी माझे वडील वारले. कागल तालुक्यात आमची थोडी जमीन. तीन भाऊ, दोघी बहिणी. दिवस झाल्यावर सोप्यात बैठक बसली. थोरल्याला विहिरीजवळचा तुकडा, मधल्याला माळाचा पण थोडा जास्त, धाकट्याला घराची पुढची बाजू आणि म्हशी. दोन दिवस भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले, मामांनी मध्यस्थी केली. या सगळ्यात आम्ही दोघी बहिणी कुठे होतो? स्वयंपाकघरात. बैठकीला चहा देत होतो. वाटणी ठरल्यावर आम्हाला बाहेर बोलावलं आणि एक कागद पुढे केला. हक्कसोडपत्र. १९५६च्या कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात माझा वाटा होता, हे मला त्या वेळी माहीतही नव्हतं. मी सही केली. भावांनी साडीचोळी केली. गावात सगळे म्हणाले, पोरी गुणाच्या आहेत.

मैत्रिणींनो, आघाडी सरकारचं खातेवाटप म्हणजे हीच भावांची वाटणी असते. फरक एवढाच की सोपा दिल्लीत असतो.

कोणाला गृह, कोणाला रेल्वे, कोणाला किती कॅबिनेट, कोणाला किती राज्यमंत्रीपदं यावर रात्ररात्र बैठका चालतात. घटकपक्ष रुसतात, मध्यस्थ धावतात. वर्तमानपत्रं त्याला 'सत्तेचा समतोल' म्हणतात. प्रदेशाचा समतोल, जातींचा समतोल, पक्षांच्या संख्याबळाचा समतोल. स्त्री-पुरुष समतोलासाठी कोणी रुसल्याचं, कोणी पाठिंबा काढण्याची धमकी दिल्याचं तुम्ही कधी ऐकलंत? मी तरी ऐकलेलं नाही. उलट, स्त्रियांना आरक्षण देऊ नये म्हणून धमक्या दिल्याचं मात्र ऐकलं आहे. त्याकडे मी येणारच आहे.

आधी २०२४चा हिशोब नीट मांडू. त्या बहात्तरांत कॅबिनेट मंत्री पंतप्रधान धरून एकतीस. त्यात स्त्रिया दोन, निर्मला सीतारामन आणि अन्नपूर्णा देवी. उरलेल्या पाचही जणी राज्यमंत्री: अनुप्रिया पटेल, शोभा करंदलाजे, रक्षा खडसे, सावित्री ठाकूर आणि निमुबेन बांभनिया. स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री पाच, त्यात बाई एकही नाही. त्या निवडणुकीत लोकसभेवर ७४ स्त्रिया निवडून आल्या, म्हणजे शंभरात साडेतेराच्या आसपास. मंत्रिमंडळात मात्र शंभरात दहासुद्धा नाहीत. त्याच मंत्रिमंडळात मुसलमान एकही नव्हता, हेही इथेच नोंदवते. ज्यांना वाटणीच्या बैठकीत जागा नसते, त्यांची यादी आपल्यापाशीच संपत नाही.

आता मित्रपक्षांकडे पाहा. नऊ मित्रपक्षांना मिळून अकरा मंत्रीपदं मिळाली. तेलुगु देसम आणि जनता दल (युनायटेड) यांना दोन-दोन, बाकी सातांना एकेक. या अकरांत बाई किती? एक. अनुप्रिया पटेल. आणि ती का? कारण त्या स्वतःच आपल्या पक्षाच्या प्रमुख आहेत. म्हणजे वाटणी करणारीच बाई होती, तेव्हा तिला वाटा मिळाला. उरलेल्या आठ पक्षांतल्या पुरुष नेत्यांनी दहा नावं दिली आणि दहाही पुरुषांची दिली.

त्यांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर तयार असतं: "ताई, आम्हाला जागाच एक मिळाली. एका जागेत बाई कुठून आणायची?" ऐकायला हे खरं वाटतं. पण नऊ पक्षांनी नऊ वेळा हेच म्हटलं की बेरीज शून्यावर येते. 'एकच जागा' असली की ती आपोआप पुरुषाची, हे कुठल्या घटनेत लिहिलं आहे? एकच भाकरी असली की ती घरात कोणाच्या ताटात जाते, हे आपल्याला माहीत आहे. तोच न्याय दिल्लीत चालतो.

आपल्या महाराष्ट्रातले पक्ष यात मागे नाहीत. शिवसेनेने आघाडी सरकारांमध्ये दिल्लीला पाठवलेले मंत्री आठवून पाहा: सुरेश प्रभू, मनोहर जोशी, बाळासाहेब विखे पाटील, अनंत गीते, आनंदराव अडसूळ, सुबोध मोहिते, अरविंद सावंत आणि २०२४ साली शिंदे गटाकडून प्रतापराव जाधव. एकही बाई नाही. बाई नव्हती म्हणून? भावना गवळी १९९९ पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा विदर्भातून लोकसभेवर निवडून आल्या. २०१९ मध्ये शिवसेनेचे अठरा खासदार होते आणि कॅबिनेट मंत्रीपद एक. ते दुसऱ्यांदा निवडून आलेल्या अरविंद सावंतांना मिळालं. पाचव्यांदा आलेल्या गवळी बाकावरच राहिल्या. २०२४ मध्ये तर त्यांना उमेदवारीही मिळाली नाही. भावना गवळींचं राजकारण मला पटतं असं नाही. पण ज्येष्ठतेचा नियम पुरुषांसाठी लावायचा आणि बाई आली की विसरायचा, हा कुठला नियम? २०२४ला शिंदे गटाचे सात खासदार निवडून आले, त्यातले एक आपल्या हातकणंगल्याचे. सातांत बाई एकही नाही. आधी तिकीट द्यायचं नाही, मग मंत्रीपदाच्या वेळी हात वर करायचे, "खासदारच नाही तर मंत्री कुठून करू?"

राष्ट्रवादी काँग्रेस स्वतःला स्त्रियांच्या बाबतीत पुढारलेली म्हणवते. १९९४चं महाराष्ट्राचं महिला धोरण शरद पवार मुख्यमंत्री असताना आलं, त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण त्यांच्या पक्षाने २००४ मध्ये दिल्लीत काय केलं? पवार कॅबिनेट मंत्री, प्रफुल्ल पटेल स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री आणि सूर्यकांता पाटील राज्यमंत्री. २००९ मध्ये? पवार कॅबिनेट, प्रफुल्ल पटेल स्वतंत्र कार्यभार आणि अगाथा संगमा राज्यमंत्री. दोन्ही वेळा उतरंडीत बाईचं मडकं तळाला. आणि दोन्ही वेळा खातं ग्रामीण विकासाचं, तेही राज्यमंत्री म्हणून.

आता २०२४ची गंमत ऐका. राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाला स्वतंत्र कार्यभाराचं एक राज्यमंत्रीपद देऊ केलं गेलं. पक्षाने ते घेतलं नाही. कारण काय? प्रफुल्ल पटेल पूर्वी कॅबिनेट मंत्री होते, आता राज्यमंत्री होणं म्हणजे त्यांची पदावनती. वाचलं आणि मी पेपर खाली ठेवला. ज्या पदाला पुरुष अपमान समजतो, ते पद आम्हाला गौरव म्हणून दिलं जातं, तेही स्वतंत्र कार्यभाराशिवाय! आघाडीच्या काळात महाराष्ट्रातून केंद्रात गेलेल्या बायका आठवते: १९९९ मध्ये मुंबईच्या जयवंतीबेन मेहता, २००४ मध्ये सूर्यकांता पाटील, २०२१ मध्ये दिंडोरीच्या डॉ. भारती पवार, २०२४ मध्ये रावेरच्या रक्षा खडसे. सगळ्या राज्यमंत्री. चिपळूणची माहेरवाशीण आणि इंदूरची खासदार सुमित्रा महाजन वाजपेयींच्या सरकारात होत्या, त्याही राज्यमंत्रीच. रक्षा खडसे गावच्या सरपंच होत्या, जिल्हा परिषदेत होत्या, तीनदा खासदार झाल्या. एवढा जिना चढून आलेल्या बाईला शेवटची पायरी राज्यमंत्रीपदाची.

राज्यमंत्री म्हणजे काय, हे आपल्या गटांतल्या पुष्कळ जणींना माहीत नसतं. मलाही नव्हतं. मंत्रिमंडळाची जी बैठक होते, जिथे विधेयकं मंजूर होतात, पैसा कुठे जायचा ते ठरतं, तिथे कॅबिनेट मंत्री बसतात. राज्यमंत्री तिथे नसतो. स्वतंत्र कार्यभार असलेल्याला त्याचा विषय निघाला तर बोलावतात. साध्या राज्यमंत्र्याकडे त्याच्या कॅबिनेट मंत्र्याने सोपवलं असेल तेवढंच काम.

काही वर्षांपूर्वी आमचं एक शिष्टमंडळ दिल्लीला गेलं होतं. जनरलच्या डब्यातून, भाकरी-चटणी बांधून. एका राज्यमंत्री बाईंची वेळ मिळाली होती. बाई चांगल्या होत्या. आमचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आमच्यातल्या म्हातारीची विचारपूस केली. शेवटी निवेदन हातात घेऊन म्हणाल्या, ही फाईल माझ्याकडे येत नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. बाहेर त्यांच्या नावाची पाटी होती, गाडीवर दिवा होता, फाईल मात्र दुसऱ्याच्या टेबलावर होती. परत येताना मला वाटलं, हीसुद्धा आपल्यासारखीच. घर तिच्या नावावर नाही.

आता महिला आरक्षणाकडे येते, कारण आघाडीच्या राजकारणाने आपल्याशी काय केलं ते तिथे उघडं पडतं. १९९६च्या जूनमध्ये देवेगौडांचं संयुक्त आघाडी सरकार आलं. त्याच सरकारने १२ सप्टेंबर १९९६ रोजी महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत मांडलं. आपण टाळ्या वाजवल्या. पण लोकसभेत एक तृतीयांश जागा देऊ म्हणणाऱ्या त्या सरकारात कॅबिनेट दर्जाची एकही स्त्री नव्हती! जे कायद्याशिवाय, त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने करता आलं असतं ते केलं नाही, आणि जे करायला घटनादुरुस्ती लागते त्याचं आश्वासन दिलं. आपल्या डाव्या मित्रांनाही हे सांगायला हवं. भारतीय कम्युनिस्ट पक्ष तेव्हा पहिल्यांदा केंद्रात सामील झाला. मंत्री झाले इंद्रजित गुप्त आणि चतुरानन मिश्र. १९८० पासून लोकसभेत असलेल्या गीता मुखर्जी याच पक्षाच्या. त्यांच्या वाट्याला विधेयक तपासणाऱ्या संयुक्त समितीचं अध्यक्षपद आलं. ते काम त्यांनी जीव ओतून केलं आणि डिसेंबरात अहवालही दिला. राबणं आमचं, खाती तुमची.

पुढचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. १९९७ मध्ये आघाडीतल्या मुख्य पक्षाचे नेते शरद यादव यांनी 'परकटी' बायका म्हणून आपली संभावना केली. १९९८ मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात विधेयकाच्या प्रती सभागृहात फाडल्या गेल्या. २००४ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीने किमान समान कार्यक्रमात एक तृतीयांश आरक्षणाचं वचन लिहिलं. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतांनी ते मंजूरही झालं. आणि लोकसभेत? बाहेरून पाठिंबा देणाऱ्यांनी डोळे वटारले, सरकारने मान खाली घातली, विधेयक तिथे कधी मतदानाला आलंच नाही. 'आघाडीचा धर्म' म्हणतात तो हा. प्रत्येक आघाडीत तडजोड करावी लागते म्हणे. मग तडजोडीत पहिला बळी नेहमी आमचाच का?

शरद यादवांच्या शब्दाचा निषेध करताना एक गोष्ट मात्र आपण टाळू नये. मागासवर्गीय बायकांचं काय, हा त्या गदारोळामागचा प्रश्न खरा होता. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, त्या कोल्हापुरात बसून मी हा प्रश्न नाकारू शकत नाही. ओबीसी, दलित, आदिवासी, मुसलमान बायांना वगळून येणारी सत्ता मला नको. पण हा प्रश्न विचारणाऱ्या पुरुषांनी आपल्या पक्षाच्या वाट्याची मंत्रीपदं मागास जातीतल्या बाईला देऊन कधी दाखवली का, तेही विचारलंच पाहिजे. ज्याच्या हातात आज द्यायला आहे, तो उद्याच्या न्यायाची गोष्ट करतो तेव्हा सावध व्हावं.

२०२३ मध्ये नव्या संसद भवनात कायदा झाला. लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. पण अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, असं त्यात लिहून ठेवलं. म्हणून २०२४ची लोकसभा आरक्षणाशिवाय झाली, विधानसभाही. कोल्हापूर जिल्ह्यातून दहा आमदार निवडून गेले, दहाही पुरुष. कोल्हापूरच्या लोकसभा मतदारसंघाने आजवर एकही स्त्री निवडून दिलेली नाही. जिल्ह्यातून लोकसभेत पोचल्या त्या इचलकरंजीच्या निवेदिता माने, १९९९ आणि २००४ मध्ये. विधानसभेत चंदगडहून संध्यादेवी कुपेकर गेल्या, २०२२ मध्ये कोल्हापूर उत्तरमधून जयश्री जाधव गेल्या, दोघीही पहिल्यांदा गेल्या त्या नवऱ्याच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत. ताराराणीचा पुतळा कावळा नाक्यावर घोड्यावर बसवला की आपलं काम झालं, असं या शहराला वाटतं. आणि २०२३चा तो कायदाही लोकसभा-विधानसभांपुरता. मंत्रिमंडळात किती स्त्रिया असाव्यात याबद्दल त्यात अवाक्षर नाही. २००३च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर बांधली, म्हणजे केंद्रात फार तर ८१. संख्या बांधता येते, तर वाटा का बांधता येत नाही?

एक आक्षेप आपल्याच बैठकांत येतो, आणि तो मी टाळणार नाही. "बाई मंत्री झाली म्हणून काय होतं? इंदिराबाई होत्या, काय झालं?" रास्त आहे. अंगणवाडी सेविकांच्या मानधनातला केंद्राचा वाटा २०१८ मध्ये तीन हजारांवरून साडेचार हजार झाला. पुढच्या वर्षीपासून अर्थखातं एका स्त्रीकडे होतं. तरी २०२४ची निवडणूक आली, तो वाटा तेवढाच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर सेविका संपावर गेल्या, थंडीत मोर्चे काढले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही सेविकांनी कोर्टात झगडून मिळवलेला. म्हणजे वरची बाई आपोआप खालच्या बाईची होत नाही.

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? एकटी-दुकटी बाई, पुरुष नेत्याच्या मर्जीवर आलेली, तिने कोणाला जबाबदार राहावं? ज्याने बसवलं त्यालाच. तिच्यामागे संख्या नाही आणि आपला दबावही नाही. पुरुष मंत्री नालायक निघाला तर कोणी म्हणत नाही की आता पुरुष नकोत. बाईच्या बाबतीत मात्र एक परीक्षा नापास झाली की सगळ्या जातीचंच नाव कापायचं! गावागावांत आरक्षणाने आलेल्या सरपंच बायकांबद्दल सुरुवातीला हेच बोललं गेलं. नवरा सही करतो, म्हणाले. त्यातल्याच कितीतरी जणींनी पुढे दारूची दुकानं बंद पाडली, नळ आणले. संख्या होती, म्हणून दुसरी-तिसरी संधी मिळाली. आणि आपले गट त्यांच्या मागे उभे राहिले, म्हणून त्या टिकल्या. संख्या आणि जाब, दोन्ही पाहिजेत.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या प्रत्येक निवडणुकीआधी आपल्या गटांनी सगळ्या पक्षांना, सत्तेतल्या आणि विरोधातल्याही, चार गोष्टी लेखी विचाराव्यात. आघाडी झाली तर तुमच्या वाट्याच्या मंत्रीपदांत एक तृतीयांश स्त्रियांना देणार का? एकच पद मिळालं तर एक कार्यकाळ पुरुष आणि एक कार्यकाळ स्त्री, अशी पाळी लावणार का? त्या पदांत कॅबिनेट आणि स्वतंत्र कार्यभार किती? आणि महिला-बालकल्याण सोडून दुसरी खाती देणार का? अर्थ, शेती, सहकार, जलसंपदा, गृह यांवर आमचं जगणं अवलंबून आहे. महिला-बालकल्याणाचंही काय केलं ते विसरू नका. २००६ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झालं, पण संयुक्त पुरोगामी आघाडीच्या काळात ते राज्यमंत्रीच सांभाळत होत्या. अर्ध्या देशाचं खातं, आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याची हक्काची खुर्ची नाही.

उत्तर आलं नाही तर 'उत्तर आलं नाही' असा फलक लावा, बिंदू चौकात, एस.टी. स्टँडवर, बाजारात. मतं मागायला येणाऱ्याच्या हातात तो फलक द्या. लाडक्या बहिणी म्हणून ओवाळणी टाकायला सगळे पुढे येतात. ओवाळणी भावाच्या खुशीवर असते, वाटा कायद्याने असतो. साडीचोळी घेऊन वाटा सोडायचा, हा व्यवहार आमच्या आयांनी केला, मीही केला.

१९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. कायदा झाला तरी आमच्या समुपदेशन केंद्रात आजही महिन्याला एखादी तरी येते, डोळे सुजलेले, आणि सांगते की भाऊ सही मागतायत. मी तिला माझी गोष्ट सांगते. १९८६ मध्ये मी सही केली तेव्हा कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला फक्त विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या भाचीपुढे तसाच कागद आला. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, आधी सातबारा दाखवा.

दिल्लीतली पुढची वाटणी बसेल तेव्हा आपणही आधी सातबारा मागू या.